डबीतला चुना, कारखान्याचं धुराडं

आजीच्या पानाच्या डब्यात पितळेची एक चपटी डबी असायची. तिचं झाकण कुणी उघडं टाकलं की आजी ओसरीवरून ओरडायची, "झाकण लाव गं, चुन्याचा खडा होतो!" आणि दोन-चार दिवस झाकण राहून गेलं तर खरंच व्हायचा. वर पांढरी कडक साय, खाली खडबडीत ढेकूळ, बोटाला काही लागायचं नाही. आजी ते खरवडून टाकायची आणि नवा चुना भरायची. चुना वाळला, असं आम्ही सगळे म्हणायचो.

गेल्या डिसेंबरात मला कळलं की त्या डबीत जे घडत होतं, त्याच्या मागे आज जगभरातले शास्त्रज्ञ लागलेत.

भाचा एम.टेक. करतोय. रात्री जेवणं आटोपून मी वह्या तपासायला बसले होते, तेवढ्यात त्याचा मेसेज आला, "मावशी, तुझी चुन्याची निवळी आता वीजकेंद्राच्या धुराड्यावर चढलीय. हे वाच." सोबत एक शोधनिबंध. धुरातला कार्बन डायऑक्साइड चुन्यात पकडायचा, आणि तोच चुना पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून त्याला सुधारायचं कसं, हा विषय. दोन पानं वाचली आणि मी उठून उभीच राहिले. वह्या तशाच पडल्या. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि मी स्वयंपाकघराच्या फळीवर चुन्याची पुडी शोधत होते!

बावीस वर्षं मी राहुरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. दरवर्षी तो प्रयोग होतो. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, त्यात नळीने फुंकर मारायची, निवळी दुधाळ होते, मुलं आनंदाने ओरडतात, मी फळ्यावर समीकरण लिहिते. पण त्या दुधाळपणात आहे काय? चुनखडी. मुलाच्या छातीतून निघालेला वायू चुन्यात अडकला आणि त्याचा दगड झाला. फुंकरीचा दगड! पांढऱ्या कणांच्या रूपात तो नळीत तरंगत असतो. आजीच्या डबीतला खडा तोच. डबीतलं पाणी आटतं हे खरं, पण खडा बनतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन. भट्टीत चुनखडीतून जो वायू हाकलला, तोच चुना डबीत बसून परत घेत असतो. पहाटे दोनपर्यंत मी हे एकच वाक्य घोळवत जागी होते.

हिशेब तर इतका नेटका आहे की वाचताना अंगावर काटा येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उलट दिशेने, एक किलो कळीचा चुना पोटभर प्यायला तर ७८६ ग्रॅम वायू धरतो. स्वतःच्या वजनाच्या पाऊणपटीहून जास्त! एवढी भूक असलेला, आणि तरीही बाजारात पोत्याने मिळणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. १७५० च्या दशकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने चुना आणि मॅग्नेशिया यांची वजनं करत करतच हा वायू ओळखला. दगडात बांधलेली हवा, असं त्याने त्याला म्हटलं. निवळीत फुंकर मारण्याचा आपला प्रयोगही त्याच्याच काळातला.

धुरातला वायू चुन्यात पकडणाऱ्या यंत्राची रचना मला एका बैठकीत समजली, म्हणजे कुणालाही समजेल. शेजारी शेजारी दोन उंच भट्ट्या. पहिलीत खालून धूर येतो आणि त्या झोतावर चुन्याची पूड उकळत्या पाण्यासारखी खदखदत राहते. तापमान साधारण ६५० अंश सेल्सिअस. इथे चुना धुरातला वायू पितो आणि चुनखडी होतो. ती चुनखडी दुसऱ्या भट्टीत जाते, तिथे ९०० अंशांच्या आसपास आच असते. तिथे ती फुटते, पुन्हा चुना होतो, आणि सुटलेला वायू आता निव्वळ असतो, नळाला जोडून नेता येईल असा. चुना परत पहिल्या भट्टीत. विहिरीवरच्या रहाटासारखं. भरलेलं गाडगं वर, रिकामं खाली, पुन्हा भरलेलं वर. १९९९ साली जपानच्या शिमिझू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जोडभट्टी मांडली. स्पेनमध्ये ला पेरेडा इथल्या कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी १.७ मेगावॉटचा प्रायोगिक संच उभा राहिला आणि त्याने आत आलेल्या धुरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पकडून दाखवला. तैवानमध्ये एका सिमेंट कारखान्याला असाच संच जोडला गेला.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला तिसऱ्या वाचनात दिसली. चुना वायू पितो तेव्हा उष्णता बाहेर टाकतो, आणि तीही ६५० अंशांवर. म्हणजे तिच्यावर वाफ करता येते, वाफेवर वीज. भट्टीला दिलेल्या आचेतला मोठा भाग असा परत मिळतो. धूर धुण्यासाठी आज जी अमाईनची द्रावणं वापरतात, त्यांच्या बाबतीत परत मिळणारी उष्णता इतकी कोमट असते की तिचा उपयोग फारसा होत नाही.

मग अडलं कुठे? चुना थकतो.

ताजा चुना पहिल्या फेरीत आपल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास वायू घेतो. वीस-तीस फेऱ्या झाल्या की वीस टक्क्यांच्या खाली येतो. शेकडो फेऱ्यांनंतर सात-आठ टक्क्यांवर येऊन टेकतो आणि तिथेच राहतो. तोच चुना, तेच रसायन, तरी तो पीत नाही. का, हे समजून घ्यायला मी पुढचे दोन आठवडे घालवले, आणि ते समजलं ते दिवाळीच्या अनारशाच्या आठवणीने.

नुकताच भाजलेला कळीचा चुना आतून अनारशासारखा जाळीदार असतो. भट्टीत वायू निघून गेला, त्याच्या वाटा उघड्या राहिल्या, तीच ती जाळी. धूर तिच्यातून आत शिरतो आणि भिंतीभिंतीवर चुनखडीचा थर चढत जातो. पण चुनखडी चुन्याच्या दुपटीहून जास्त जागा घेते. थर साधारण ५० नॅनोमीटर झाला, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकाही नाही, की वाटा बुजायला लागतात आणि आतला चुना उपाशी राहतो. पहिल्या काही क्षणांत गटागटा पिणं, मग अगदी थेंबथेंब.

हे झालं एका फेरीत. फेऱ्या वाढल्या की दुसरं संकट येतं. पावसाळ्यात बत्ताशांची पुडी उघडी राहिली तर काय होतं, आठवा. बत्तासे वितळत नाहीत, पण एकेकाची कड शेजाऱ्याला चिकटते आणि चार दिवसांनी हातात एकच ढेप येते. भट्टीत चुन्याच्या कणांचं तसंच होतं. नुसता कळीचा चुना मोठी आच सहज सोसतो. हळवी आहे ती चुनखडी. सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांच्या वर गेली की तिच्या कणांत चळवळ सुरू होते, कण शेजाऱ्यात मिसळतात, बारीक छिद्रं मिटून जाड भिंती होतात. प्रत्येक फेरीत थोडी जाळी हरवते. अनारशाची हळूहळू पुरी होते.

आता सुधारणा काय करायची, ते वाचताना तर मला उभ्याने वाचावंसं वाटत होतं! एक वाट अशी की चुन्याच्या कणांच्या मध्ये असं काही घालायचं, जे त्या आचेला ढिम्म हलत नाही. बत्ताशांमध्ये मुरमुरे मिसळले तर बत्तासा बत्ताशाला कसा चिकटेल? ॲल्युमिना घालतात, ते थोड्या चुन्याशी जुळून एक चिवट सांगाडा बनवतं. कुणी मॅग्नेशिया घालतं, कुणी झिर्कोनिया. डोलोमाईट नावाच्या दगडात तर निसर्गानेच मॅग्नेशियम मिसळून ठेवलंय, ते त्या तापमानाला वायू घेत नाही, नुसतं मध्ये उभं राहून कणांना वेगळं ठेवतं. अर्थात सांगाडा स्वतः काही पीत नाही, त्यामुळे तो वाढवावा तितकी एका किलोतली भूक कमी होते. किती घालायचा, यावरच ढिगाने शोधनिबंध आहेत.

दुसरी वाट आंबट. चुनखडीला लिंबातलं सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल पाजायचं आणि मग भाजायचं. आम्लाचा भाग जळून वायू होऊन निघून जातो आणि जाताना आणखी जाळी पाडून जातो. साखर कारखान्यांच्या, चिंचेच्या, लिंबाच्या या जिल्ह्यात बसून हे वाचताना माझं डोकं कुठे कुठे धावलं, ते सांगायला नको.

तिसरी वाट पाण्याची, आणि मला सगळ्यात जवळची तीच वाटते. थकलेल्या चुन्यावर वाफ सोडायची. चुना विरी जातो, फुलतो, कण तडकतात, मिटलेल्या वाटा पुन्हा उघडतात आणि भूक परत येते. वेगळं रसायन नको की महागडी पूड नको. नुसतं पाणी. मात्र फुललेले कण ठिसूळ होतात, भट्टीच्या झोतात त्यांचं पीठ होऊन उडून जातं. म्हणून मग गवंड्यासारखं थोडं सिमेंट घालून गोळ्या वळायच्या, अशी धडपड चालू आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी जानेवारीत नेवासा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या मामांकडे गेले. तरुणपणी त्यांनी चुन्याच्या भट्ट्या लावलेल्या. लोणारी मंडळींचा हा पिढ्यांचा धंदा. नदीकाठची, शेतातली चुनखड वेचून आणायची, तिचा एक थर, कोळशाचा एक थर, असं रचत जायचं आणि खालून पेटवायचं. आता भट्टीच्या जागी बाभळीच्या सावलीत काळवंडलेल्या दगडांचं नुसतं कडं उरलंय. मामा आधी म्हणाले, "काय करायचंय बाई तुम्हाला त्या भट्टीचं?" मी विचारलं, कळी भट्टीतून काढल्यावर ठेवून का देत नव्हता?

"ठेवून कसं चालंल? लगी विरवायची नाहीतर विकायची. पडून राह्यली की हवेनं मरती."

"मरती म्हणजे?"

"पाणी घातलं तर चरचरत नाही, फुलत नाही. हवा खाऊन बसलेली असती ना."

मी वहीत लिहीत होते, पण हात थरथरत होता. हवा खाऊन बसलेली! मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायलाच मी तिथवर गेले होते. जाळ जास्त झाला तर?

"मग ती करपती. हातात घेतली की जड लागती, आपटली तर खणकन वाजती. तासभर पाण्यात ठेवा, उमलायची नाही." मामांनी चिमटीत काल्पनिक खडा धरून कानापाशी नेला. "आच थोडी कमी राह्यलेली परवडती बाई, जास्त झालेली नाही. कमी राह्यलेली पुन्हा भाजता येती."

जाळी मिटली, म्हणून जड. वाटा बुजल्या, म्हणून पाण्यातही उमलत नाही. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून जे पाहतात, ते या माणसाने कानाने ओळखलं होतं. मी त्यांच्या पाया पडले.

येताना शेतातून ओंजळभर चुनखड वेचून आणली. आपल्याकडे काळी जमीन खणली की ते पांढुरके, वेडेवाकडे, बोटाच्या पेराएवढे गोळे निघतात ना, ते. शेतकऱ्याला ते नकोसे. जमिनीत चुनखड जास्त झाली की उसाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पांढरी पडतात, केवडा पडला म्हणतात. माती परीक्षणात मुक्त चुन्याचा वेगळा आकडा येतो तो याचसाठी. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यातल्या एका गोळ्यावर मी हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. फस्स करून फेस आला, बुडबुडे गोळ्याच्या भेगांतून रांगेने वर आले. बुडबुड्यांत तोच वायू! आणि तो तिथे गेला कसा? आपला काळा खडक, बेसाल्ट, पावसाने झिजतो, त्यातलं कॅल्शियम सुटतं, मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो, आणि अवर्षणाच्या या मुलखात पाणी आटलं की त्याची चुनखड होऊन बसते. हजारो वर्षं आपल्या पायाखाली हेच चाललंय.

भाच्याने दहा ग्रॅम चुनखड मफल फर्नेसमध्ये ९०० अंशांवर ठेवली. शुद्ध असती तर ५.६ ग्रॅम उरायला हवी होती. उरली सातच्या किंचित खाली. मी हरखले. यात माती आहे, मातीत ॲल्युमिना आहे, म्हणजे सांगाडा आयताच! भाच्याने शांतपणे समजावलं की मातीत सिलिकाही आहे, आणि भाजताना सिलिका चुन्याला स्वतःशी बांधून घेते, मग तो चुना वायू घेत नाही. म्हणूनच आपल्या चुनखडीचा चुना बांधकामाला इतका पक्का, तो पाण्यातही धरतो. धुरासाठी चुनखडी हवी ती शुद्ध, चंद्रपूर-यवतमाळकडच्या खाणींतली. माझं मन थोडं खट्टू झालं, पण पाच मिनिटंच. कारण तोवर माझ्या डोक्यात साखर कारखाना शिरला होता.

माझा एक जुना विद्यार्थी जिल्ह्यातल्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. गळीत हंगाम जोरात होता, गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत तो गोडसर आंबूस वास. "बाई, इकडून या," म्हणत त्याने मला थेट चुन्याच्या विभागात नेलं. फिरत्या पिंपात कळी पडत होती, पाण्याबरोबर उसळून चुन्याचं दूध होऊन बाहेर येत होतं. ते उसाच्या तापलेल्या रसात जातं, गंधकाच्या धुराबरोबर रसातला गाळ खाली बसवतं. टनभर उसाला साधारण दीड-दोन किलो चुना. मी वळून पाहिलं, तर शंभर पावलांवर बॉयलरचं धुराडं! इकडे चुना, तिकडे धूर, मध्ये फक्त एक सिमेंटचा रस्ता.

आणि मग तो जे बोलला, त्याने मी जागीच खिळले. "बाई, साखर शुद्ध करायच्या रिफायनऱ्यांत बॉयलरचा धूर धुऊन चुना घातलेल्या पाकात सोडतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून चुनखडी होते आणि मळ घेऊन खाली बसते. जुनी पद्धत आहे." म्हणजे धुराड्यातला कार्बन चुन्यात पकडायचं काम साखरवाले कधीपासून करतायत, फक्त त्यांचा डोळा साखरेच्या पांढरेपणावर होता!

घरी येऊन मी हिशेब मांडला. रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरा. त्यातून सुमारे १,४०० टन बगॅस निघतो, अर्धा ओलाच. तो सगळा बॉयलरमध्ये जळला तर धुराड्यातून दिवसाला साधारण १,१५० टन कार्बन डायऑक्साइड जातो. हा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला, त्यामुळे तो परत हवेत गेला तरी खात्यावर जमा-खर्च बरोबर. पण तो धुराड्यातच पकडला आणि जमिनीत पुरला तर? तर हवेतला साठा खरोखर कमी होतो! कोळशाच्या धुराड्यावर हाच चुना बसवला तर फक्त नवी भर थांबते. उसाच्या धुराड्यावर बसवला तर जुनी बाकीही फिटायला लागते. त्या रात्रीही झोप लागली नाही.

पुढे पाहा. थकलेला, दहा टक्क्यांवर आलेला चुना वापरला तर या १,१५० टनांसाठी तासाला ६०० टनांहून जास्त चुना दोन भट्ट्यांमधून फिरवावा लागेल. सुधारून त्याला तीस टक्क्यांवर टिकवून धरला तर तासाला सुमारे २०० टन. भट्ट्या लहान, फिरवायचा माल एक तृतीयांश, दुसऱ्या भट्टीत तापवायचं ओझंही तितकंच कमी. चुन्याच्या कणातली ती ५० नॅनोमीटरची गोष्ट इथे थेट कारखान्याच्या ताळेबंदात उतरते.

बगॅसची आणखी एक जमेची बाजू आहे. कोळशातला गंधक चुन्याचा वैरी, तो चुन्याला कायमचा बांधून टाकतो आणि तेवढा चुना फुकट जातो. उसाच्या चिपाडात गंधक नावापुरता. राखेतलं पोटॅश आणि सिलिका मात्र त्रास देणार, धूर आधी नीट गाळून घ्यावा लागेल. सुटणारा वायू निव्वळ राहावा म्हणून दुसऱ्या भट्टीत जाळायला शुद्ध ऑक्सिजन लागेल, तो स्वस्त नाही. पकडलेला वायू ठेवायचा कुठे, हाही प्रश्न आहेच. पण आइसलंडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के खडकात चुनखडी होऊन बसल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आपण उभे आहोत कशावर? बेसाल्टवर, दख्खनच्या थरांवर थर. आपला खडक तिथल्यासारखा वागेल का, ते खोल विहिरी घेऊन तपासावंच लागेल. पण तपासायला खडक शोधत परदेशी जावं लागणार नाही.

एका रविवारी भाच्याला घेऊन नगरला फराह बागेत गेले. निजामशाहीतला, १५८३ साली पुरा झालेला तो महाल. लहानपणी सहलीला आले होते तेव्हा नुसती पडझड दिसली होती. या वेळी मी भिंतीला हात लावून उभी राहिले. दगडांमधला चुना, घाण्यात मळलेला. त्याने चार शतकांहून जास्त काळ हळूहळू हवा प्यायली आणि पुन्हा दगड झाला. भाचा म्हणाला, "मावशी, ही भिंत म्हणजे एकच फेरी. आपल्याला तोच चुना हजारदा फिरवायचाय." मी म्हटलं, पण पहिली फेरी तर इथे दिसतेय!

२०२३ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात ट्रेसी इथे एक केंद्र सुरू झालं. तिथे विरी गेलेल्या चुन्याची ताटं एकावर एक रचून ठेवतात. तीन दिवसांत तो चुना साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो, मग भट्टीत जाऊन तो ओकतो आणि परत ताटात येतो. वर्षाला १,००० टनांची क्षमता. आजीची उघडी राहिलेली डबी, चळतीने रचलेली!

मीही शाळेच्या प्रयोगशाळेत एक ताट ठेवलंय. त्यात विरी गेलेला कोरडा चुना दहा ग्रॅम, पातळ पसरलेला. नववीच्या मुली रोज सकाळी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात आणि शनिवारी वाळवून वजन करतात. सगळा चुना चुनखडी झाला तर वजन साडेतेरा ग्रॅम व्हायला हवं. पहिल्या शनिवारी अकरा भरलं, तेव्हा मुलींनी तराजू तीनदा तपासला. नुसत्या हवेने वाढलेला तो एक ग्रॅम त्यांना खरा वाटेना.

म्हणून माझी जिल्ह्यातल्या कारखान्यांना, तिथल्या केमिस्टना, संचालकांना हात जोडून विनंती आहे. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि साध्या शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा महाराष्ट्रात तसं दुसरं उदाहरण नव्हतं. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्याचं आणि वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांना पत्र लिहा. तुमच्याकडे चुना आहे, धूर आहे, वाफ आहे, आणि हंगामात दिवसरात्र जागणारी माणसं आहेत. बॉयलरच्या पुढच्या अग्निप्रदीपनाच्या आधी धुराड्याला एक छोटी नळी जोडा, दोन हातांत मावेल एवढी भट्टी लावा आणि तुमच्या धुरात चुना किती फेऱ्या टिकतो ते मोजून पाहा. वजन करायला माणसं कमी पडली तर नववीच्या मुली तयार आहेत. काल त्यांच्या ताटात १२.४ ग्रॅम भरले.